वारं पडलं की

पोलिसात लागून मला आठ वर्षं झाली होती, तेव्हा मला रायफल नेमबाजीच्या संघात घेतलं. माझं गाव मिरजगावच्या बाजूचं. घरी शेती, आईवडील दोघंही शेतात राबणारे, आणि बंदुकीशी आमच्या घरातल्या कुणाचा कधी संबंध आलेला नव्हता. पण भरतीनंतरच्या पहिल्याच सरावात माझ्या पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. ते कुणाच्या तरी लक्षात राहिलं असावं.

संघात आल्यावर कळलं की माझी नेमबाजी फक्त सकाळची होती. सात वाजता, झेंडा काठीला चिकटून लोंबत असताना, तीनशे मीटरवरच्या कागदाच्या मधोमध मी गोळ्या एकीशेजारी एक लावून ठेवायची. अकरा वाजले, माळावर वारं सुटलं, की त्याच गोळ्या कुठल्या कुठं जायच्या. तीनशे मीटरवर साधं अंगाला गोड लागणारं वारंसुद्धा गोळीला वीतभर बाजूला ढकलतं. आणि स्पर्धेत आमची पाळी बहुतेक वेळा दुपारीच लागायची. दोन वर्षं मी शेवटून दुसरी-तिसरी आले. तिसऱ्या वर्षी साहेबांनी मला बोलावून सांगितलं की नवीन उस्ताद येतायत, त्यांच्या हाताखाली सुधारलात तर बघू, नाहीतर परत बंदोबस्ताला.

उस्ताद सोनईकडचे. सैन्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले आणि आता करारावर आम्हाला शिकवायला आलेले. साठीच्या आसपासचे, उंच, एका कानानं कमी ऐकणारे. घर ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारी सकाळी सराव ठेवायचे नाहीत, पण चर्चमधून आल्यावर पांढऱ्या सदऱ्यावरच रेंजवर येऊन बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या दहा गोळ्या बघितल्या, कागद घडी करून मला परत दिला आणि म्हणाले की आठ दिवस रायफलला हात लावायचा नाही.

आमची रेंज नागापूरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. एका बाजूला फायरिंगचा ओटा, समोर सरळ उघडा माळ, कुसळी गवताचा, आणि माळाच्या टोकाला मातीचा मोठा बांध. त्या बांधापुढं लाकडी चौकटी रोवलेल्या, त्यांवर कागद. गोळी कागदातून आरपार जाऊन मागच्या मातीत शिरते. मध्ये शंभरावर आणि दोनशेवर चुना फासलेले दगड. सावली अशी फक्त ओट्यावरच्या पत्र्याची.

आठ दिवस मी त्या पत्र्याखाली दुर्बीण घेऊन बसले. उस्ताद शेजारी खुर्चीवर. माझं काम एकच, वारं कुठून आहे आणि किती आहे ते मोठ्यानं सांगायचं. मी आधी झेंड्याकडं बघून सांगायची. त्यांनी ते बंद करायला लावलं. झेंडा फक्त झेंड्यापाशी काय चाललंय तेवढंच सांगतो, गोळीला पुढचा सगळा माळ ओलांडायचा असतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी दुर्बिणीचं चाक थोडं फिरवलं, नजर कागदाच्या जरा अलीकडं आणली, आणि मला बघायला सांगितलं.

तापलेल्या जमिनीवरून हवा वर येत होती आणि दुर्बिणीत ती पाण्यासारखी वाहताना दिसत होती. खरोखर ओढा वाहावा तशी, डावीकडून उजवीकडं. मृगजळ मी लहानपणापासून बघत आलेले, पण ते वाऱ्याची दिशा सांगतं हे मला ठाऊक नव्हतं. पाणी तिरपं वाहत असलं तर वारं मंद, आडवं पळत असलं तर जोरात. आणि कधीकधी ते वाहायचं थांबायचं, सरळ वर उठायला लागायचं, चुलीवरच्या पातेल्यासारखं.

“ही उकळी,” उस्ताद म्हणाले. “वारं पडलं की अशी उकळी फुटते. नवशिक्याला वाटतं, वारं न्हाई, आता मारावं. उकळीला गोळी सोडायची न्हाई, पोरी. थांबायचं.”

मी कारण विचारलं. वारं आता पलटणार असतं, कुठल्या बाजूला ते कळत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते, माळाकडं बघत होते.

नवव्या दिवशी रायफल हातात मिळाली, पण गोळ्या नाहीत. रिकाम्या रायफलीवर महिनाभर सराव. ओट्यावर पालथं पडायचं, नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. रायफलीवरच्या दुर्बिणीतला नेमाचा काटा कागदावरून सरकलेला असला तर हातानं ओढून आणायचा नाही. पोटापासून सगळं अंग उचलून पुन्हा मांडायचं. हातानं ओढलेला नेम गोळी सुटताना आपल्या जागी परत जातो. नळीवर त्यांनी एक हरभरा ठेवला. घोडा दाबल्यावर हरभरा पडला नाही पाहिजे. पहिल्या आठवड्यात तो सारखा पडायचा. महिन्याच्या शेवटी मी सलग तीस वेळा घोडा दाबला आणि हरभरा तिथंच होता. त्या दिवशी उस्तादांनी तो उचलून तोंडात टाकला आणि चहा पाजला.

मार्चच्या मध्यावर आम्ही भर दुपारी सराव सुरू केला. बाकीचे सकाळी नेम मारून जायचे. बारा वाजता नागापूरच्या कारखान्यांचा भोंगा व्हायचा, आणि त्यानंतर रेंजवर मी, उस्ताद आणि डोंगरावर लाल झेंडा घेऊन बसलेला पहारेकरी, एवढेच. पाखरंसुद्धा गप्प असायची.

ते मला पहिल्यांदा अशाच एका दुपारी दिसलं. मी चार गोळ्या मारल्या होत्या, चारी मधोमध. पाचवीच्या वेळी उकळी फुटली म्हणून बोट काढून घेतलं आणि नुसती बघत राहिले. दोनशेच्या दगडांच्या जरा पुढं, उठणाऱ्या हवेत, एक काळपट उभी रेघ होती. ती मघाशी नव्हती. बघता बघता तिला खांदे आले. माणूस पाठमोरं उभं असावं तसं. मी डोळा दुर्बिणीवरून काढला. समोर नुसता माळ, गवत, ऊन. परत डोळा लावला, तर ते तिथंच उभं. हलत नव्हतं, पण सगळी हवा हलत असल्यामुळं त्याच्या कडा सारख्या सुटत होत्या आणि पुन्हा जुळत होत्या. मग डावीकडून वारं सुरू झालं, पाणी वाहायला लागलं आणि ते फाटत फाटत निघून गेलं.

मी पाचवी गोळी मारली. मधोमध. उस्तादांना काही सांगितलं नाही. एखादं झुडूप, एखादा खांब, दूरचं काहीतरी हवेनं उचलून दाखवलं असेल, अशी मनाची समजूत घातली. संध्याकाळी जाताना मुद्दाम त्या जागेवरून चालत गेले. तिथं गुडघ्याएवढं गवत होतं. पायाखाली ते कुठं मोडलेलं नव्हतं.

त्यानंतर ते महिन्याभरात पाच-सहा वेळा दिसलं. फक्त उकळीला, फक्त दुपारी, आणि त्याच जागी. त्याचं अंतर बदलत नव्हतं, हे मला जास्त त्रास द्यायचं. मृगजळात दिसणाऱ्या गोष्टी सरकतात. हे सरकत नव्हतं. एकदा उस्तादांनी विचारलं की काय दिसतंय. मी म्हणाले, उकळी आहे. “आणि?” ते म्हणाले.

“आणि काही नाही, उस्ताद.”

त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि त्या दिवशीचा सराव लवकर संपवला.

मधल्या एका सुट्टीला मी गावी गेले. सवय मोडू नये म्हणून दुपारी ओसरीत बसून दुर्बिणीतून रानाकडं बघत होते. आई आतून आली, माझ्या हातातली दुर्बीण काढून घेतली आणि मला आत जेवायला बसवलं. भर दुपारी माळाकडं टक लावून बघत बसू नये, एवढंच तिनं सांगितलं. मी हसून विचारलं की का. “बगू नये म्हनत्यात,” ती म्हणाली आणि भाकरी वाढली. तिला मी काही बोलले नव्हते.

स्पर्धेला जाणाऱ्या संघाची अंतिम निवड एप्रिलात होती. दोन जागा आणि आम्ही पाच जण. साहेब स्वतः आले होते. एकेकानं यायचं, ठरलेल्या वेळात दहा गोळ्या मारायच्या. चिठ्ठीत माझा नंबर शेवटचा आला. माझी पाळी आली तेव्हा भोंगा होऊन गेला होता. पहारेकऱ्यानं डोंगरावरून वॉकीटॉकीवर कळवलं की रेंज मोकळी आहे. मी पालथी पडले, डोळे मिटले, दोन श्वास घेतले, उघडले. काटा जागेवर होता.

सात गोळ्या मी आयुष्यात मारल्या नव्हत्या तशा मारल्या. पाणी डावीकडून वाहत होतं, मी वाऱ्यासाठी दुर्बिणीचं चाक फिरवून दोन क्लिक दिले होते, आणि कागदाच्या मधोमध एका रुपयाखाली झाकतील अशी भोकं पडत गेली. मागं साहेब कुणाशी तरी बोलत होते, ते बोलायचे थांबले. आठवीला उकळी फुटली.

मी थांबले. वेळ पुरेसा होता. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं. आणि ते दिसलं. त्याच जागी, तसंच उभं. पण या वेळी ते पाठमोरं नव्हतं. चेहरा दिसत नव्हता, चेहऱ्याच्या जागी नुसती हवा उकळत होती, तरी मला कळलं की त्याचं तोंड माझ्याकडं आहे. मी वारं येण्याची वाट बघितली. वारं आलं. गवताचे शेंडे डावीकडून वाकले, दुर्बिणीत पाणी वाहायला लागलं. ते मात्र गेलं नाही. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत राहिलं आणि माझा काटा त्याच्या छातीवर.

साहेब मागून म्हणाले की वेळ चाललाय.  समोर दिसतंय ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. मी त्या गवतात उभी राहून आले होते. घोडा दाबला असता तर गोळी त्यातून जाऊन कागदावर बसली असती आणि मी संघात गेले असते. मी बोट काढलं, खटका बंद केला आणि हात वर केला.

“थांबा,” मी म्हणाले. “समोर कुणीतरी आहे.”

साहेबांनी पहारेकऱ्याला विचारलं. मोकळी आहे, असं उत्तर आलं. त्यांनी स्वतःच्या दुर्बिणीतून बघितलं आणि चिडून म्हणाले की कुणी नाही, पूर्ण करा. बाकीचे चौघं एकमेकांकडं बघायला लागले. मी उठले नाही आणि रायफलीलाही हात लावला नाही. कुणीतरी आहे, एवढंच पुन्हा म्हणाले.

उस्ताद पुढं आले. मला बाजूला व्हायला सांगितलं, माझ्या जागी पालथे पडले आणि माझ्या रायफलीच्या दुर्बिणीतून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग उठून त्यांनी सगळ्या रायफली रिकाम्या करायला लावल्या, एकेक स्वतः तपासली, आणि शिट्टी तोंडात धरून एकटेच माळात चालायला लागले. त्यांची पाठ लहान होत गेली. दोनशेच्या दगडांपाशी ते क्षणभर थांबले, आणि सरळ न जाता ती जागा वळसा घालून पुढं गेले. मी ते बघितलं. इतर कुणाच्या ते लक्षात आलं नसावं.

ते माझ्या चौकटीपर्यंत पोचले, कागदाच्या मागं गेले आणि खाली बसले. परत आले तेव्हा त्यांच्या हाताला धरून एक म्हातारी होती.

बांधाच्या मागच्या ओघळीतून ती पहाटेच आली होती. मातीतलं शिसं आणि तांबं खुरप्यानं उकरून डब्यात भरायचं आणि भंगारवाल्याला द्यायचं, हे तिचं जुनं काम. ठार बहिरी. गोळ्यांचा आवाज तिला येत नव्हता, पण माती धपधप हलली की हाताला कळायचं. तोवर ती बांधाच्या पलीकडं बसून राहायची आणि माती गप्प झाली की अलीकडं यायची. पहारेकऱ्याच्या बाजूनं ती ओघळ दिसत नव्हती, हे नंतर कळलं. वर्षानुवर्षांच्या गोळ्यांनी माझ्या चौकटीच्या बरोबर मागं बांधाला एक खोबण पडली होती. मी उकळीला थांबले, माती गप्प झाली, आणि ती गवताआडून सरकत सरकत त्या खोबणीत येऊन बसली. कागदाच्या मधोमध गोळी गेली असती तर ती तिच्यातच शिरली असती.

मी थांबले म्हणून ती तिथं आली, आणि मी थांबले म्हणूनच ती वाचली. या गोष्टीचा विचार मी पुष्कळ केला आहे. तो कुठंच पोचत नाही.

साहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी तिला पाणी दिलं, माझ्याकडं वळून म्हणाले की तुमची नजर जबरदस्त, एवढ्या लांबून कागदामागची बाई दिसली. मी काही बोलणार तोवर उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग ते म्हातारीपुढं उकिडवे बसले आणि खाणाखुणा करत, ओठ सावकाश हलवत तिला विचारलं की ती पुढं माळात उभी होती का.

“मी कुठली हुबी राहती,” म्हातारी मोठ्यानं म्हणाली. “कमरंतनं मोडल्याली हाय मी. तीन वरसं झाली, सरळ हुबी न्हाई राहिले.”

ते खरं होतं. उस्तादांचा हात सोडल्यावर ती जमिनीला टेकत, जवळजवळ रांगत पत्र्याच्या सावलीत गेली होती. मी जे बघितलं होतं ते ताठ होतं, आणि उंच होतं.

त्या वर्षी मी संघात गेले नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी परत संधी दिली, पण ओट्यावर पडल्यावर माझं बोट घोड्यावर जाईना. हरभरा ठेवून रिकाम्या रायफलीवर सुद्धा जाईना. त्यानंतर रेंज दोन महिने बंद राहिली. बांधाला काटेरी तारांचं कुंपण झालं आणि ओघळ दगडांनी भरून काढली. म्हातारीला बघायला मी एकदा गेले. रेंजच्या मागच्या वस्तीत लेकीकडं राहायची. मला तिनं ओळखलं नाही. लेकीनं खाणाखुणा करून सांगितल्यावर तिनं माझा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि सोडून दिला. शिसं आता मिळत नाही, अशी तक्रार केली. चहा झाल्यावर मी निघाले.

जूनमध्ये उस्तादांचा करार संपला. जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. ढग आले होते, त्यामुळं माळावर काही वाहत नव्हतं आणि काही उकळत नव्हतं. मी शेवटी विचारलं की त्यांना पण दिसलं होतं का.

“पहिल्या दिवसापासनं,” ते म्हणाले. “जवान असताना आम्हाला याच रेंजवर आणायचे. तवापासनं बघतोय. दिसलं की थांबायचो. दर वेळी जाऊन बघायचो, कधीच काही निघालं न्हाई. पोरं हसायची. मी मनात म्हणायचो, आपण उगाच भितोय.” मग दोनशेच्या दगडांकडं बघत म्हणाले, “तरी थांबायचो.”

ते काय आहे, असं मी विचारलं. ठाऊक नाही, असं त्यांनी सांगितलं. प्रार्थना करून बघितली, पाद्रीबाबांना विचारलं, डॉक्टरला डोळे दाखवले. त्यांनी तो विषय तिथंच ठेवला आणि पुढच्या वर्षी मी काय काय करायचं ते सांगायला लागले. रोज अर्धा तास रिकामी रायफल. आठवड्यातून तीन दिवस नुसतं वारं. आणि एकाच कागदावर सकाळ-दुपारच्या गोळ्या मारायच्या नाहीत, वेगळे कागद ठेवायचे.

बोट परत घोड्यावर जायला मला दिवाळी उजाडली. पुढच्या वर्षीच्या निवडीत मी दुसरी आले आणि संघात गेले. स्पर्धा लांब होती, दुसऱ्या जिल्ह्यात, सपाट काळ्या मातीवरच्या रेंजवर. माझी पाळी दुपारी एकला. दोनदा उकळी फुटली आणि दोनदा मी थांबले. दुर्बिणीत हवेशिवाय काही नव्हतं. मी बघत होते, आणि तिथं काही नाही याचं मला जितकं बरं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. थांबण्यात वेळ गेला आणि शेवटची गोळी घाईत मारावी लागली. मी तिसरी आले.

संध्याकाळी उस्तादांना फोन लावला. ते शेतात होते, मागं मोटर चालू असल्याचा आवाज येत होता. मी तिसरी आल्याचं सांगितलं. ते त्यांच्या बऱ्या कानाला फोन नीट लावत असावेत, मला पुन्हा सांगावं लागलं.

“शेवटची कुठं गेली?” त्यांनी विचारलं.

“उजवीकडं, बोटभर बाहेर. वारं वाढलेलं मला कळलं होतं, पण क्लिक द्यायला थांबले नाही.”

“मग एक क्लिक कमी पडला,” ते म्हणाले. त्यांनी कुणाला तरी मोटर बंद करायला सांगितली, आणि आम्ही पहिल्या गोळीपासून एकेकीचं बोलत बसलो.